बोटात जागाच नसते

बोट वाकवणारा एकही स्नायू बोटात नसतो. खात्री करायची असेल, तर डावा हात कोपराच्या जरा खाली उजव्या हाताने धरा आणि डावी मूठ उघडमीट करा. वळवळ जाणवते ती तिथे, कोपराजवळ. तिथले स्नायू आकसतात आणि त्यांच्या लांबलचक कंडरा, म्हणजे टेंडन, मनगटातून आणि तळहातातून जाऊन बोटांची पेरं ओढतात. आणखी काही छोटे स्नायू तळहातात असतात. बोटाच्या वाट्याला येतात ती हाडं, सांधे, कंडरा, रक्तवाहिन्या, नसा, थोडी चरबी आणि वरून घट्ट बसलेली कातडी.

स्नायूंची जाडी अशी दूर ठेवली गेली, म्हणूनच बोटं सुईत दोरा ओवण्याइतकी सडपातळ राहिली. पण त्यामुळे बोटात मोकळी जागा म्हणून राहिलीच नाही. मांडीला मार लागला आणि पेलाभर रक्त साकळलं, तरी मांडी ते सामावून घेते. बोटाच्या टोकात एक थेंब रक्त किंवा पू जास्त झाला, तर त्याला सरकायला वाट नसते. शिवाय तिथे संवेदना टिपणाऱ्या नसांची दाटी असते. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतराने टेकवलेली दोन टोकं वेगवेगळी कळतात. पाठीवर तीच कळायला चारेक सेंटिमीटर अंतर लागतं. जागा कमी आणि नसा जास्त, अशी ही परिस्थिती आहे. अचानक उठणाऱ्या बोटदुखीची बरीचशी कारणं तिच्यातून निघतात आणि उपचारही तिच्याकडेच पाहून ठरतात. औषधाने असो, सुईने असो की चाकूने, डॉक्टर बहुतेक वेळा बोटात जागा करून देत असतात.

नखाच्या कडेचा ठणका

सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे नखुरडं. नखाच्या कडेची साल दाताने ओढली, नख फार खोल कापलं किंवा दिवसभर भांडी-धुण्याच्या पाण्यात हात राहिले, की नख आणि कातडी यांच्यामधली फट उघडी पडते. कातडीवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जिवाणू त्या फटीतून आत शिरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कड लाल होते, फुगते आणि ठणकू लागते.

हा ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर येतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रक्ताची नवी लाट बोटात येते. आधीच सूज आणि पू यांनी भरलेल्या जागेत तिला सामावून घ्यायला काही उरलेलं नसतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला आतला दाब वाढतो आणि नसा दाबल्या जातात. हात खाली लोंबता सोडला की ठणका वाढतो आणि उशीवर उंच ठेवला की कमी होतो, त्याचंही कारण हेच.

सुरुवातीच्या नखुरड्यावर उपाय साधा आहे. सोसवेल इतक्या कोमट पाण्यात बोट दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा बुडवायचं. त्याने रक्तपुरवठा वाढतो आणि पू असेल तर तो वाट काढतो. आपल्याकडे लिंबाला भोक पाडून ते बोटावर टोपीसारखं घालायची पद्धत आहे. लिंबाचा रस पुवापर्यंत पोचत नाही. बंद ओलाव्याने कातडी मात्र भिजून मऊ पडते आणि फट आणखी रुंदावते. कडेला पिवळा पू दिसू लागला, तर डॉक्टर नखाची कड पात्याच्या टोकाने अलगद उचलून तो बाहेर काढतात. पू निघाला की ठणका तिथल्या तिथे कमी होतो. मधुमेह असेल, लाली पसरत असेल किंवा ताप आला असेल, तर प्रतिजैविकंही लागतात.

हाच पू नखाच्या कडेऐवजी बोटाच्या मऊ गादीत झाला, तर मामला गंभीर होतो. ही गादी सलग नसते. हाडापासून कातडीपर्यंत गेलेल्या चिवट पडद्यांनी तिचे लहान लहान कप्पे पाडलेले असतात, म्हणूनच वस्तू घट्ट पकडताना गादी हाडावरून घसरत नाही. पण या बंद कप्प्यांत पू साचला, की दाब इतका चढतो की शेवटच्या पेराच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. काटा किंवा सुई टोचल्यानंतर दोन दिवसांनी बोटाचं टोक टणक झालं आणि ठणक्याने रात्रीची झोप उडाली, तर सकाळी कोमट पाणी करत बसू नये, थेट डॉक्टरांकडे जावं. चिरा देऊन पू काढण्याला मात्र एक अपवाद आहे. बोटावर बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठला आणि जळजळ होत असेल, तर तो नागिणीच्या विषाणूच्या भाऊबंदाचा, हर्पिसचा संसर्ग असू शकतो. ते फोड फोडायचे नसतात. चिरा दिला तर दुखणं वाढतं.

नखावर दार आपटलं किंवा हातोडी बसली, की काही मिनिटांत नख काळंनिळं होतं. खाली रक्त साकळतं आणि वरचं नख ताणलं जात नाही. अशा वेळी डॉक्टर नखाला बारीकसं भोक पाडतात. नखाला स्वतःची संवेदना नसल्याने ते फारसं दुखत नाही. काळसर रक्ताचे दोन थेंब बाहेर येतात आणि चेहऱ्यावरचा ताण लगेच उतरतो. हे घरी सुई तापवून करू नये, कारण खालचं हाड मोडलं असेल तर त्या भोकातून जंतू थेट हाडापर्यंत जातात.

अडकलेलं बोट

आता जंतूंशी संबंध नसलेलं, तरी तितकंच अचानक वाटणारं दुखणं पाहू. सकाळी उठून मूठ उघडायला जावं, तर चार बोटं सरळ होतात आणि अनामिका तशीच वाकलेली राहते. दुसऱ्या हाताने ती उचलावी लागते. मग तळहातात ‘टक्’ असं काहीतरी होतं, कळ येते आणि बोट झटक्याने सुटतं. डॉक्टर याला ट्रिगर फिंगर म्हणतात. अनामिका आणि अंगठा यांना हा त्रास जास्त होतो. १८५० मध्ये फ्रेंच डॉक्टर नोटा यांनी त्याचं वर्णन केलं आणि कंडरेवरची गाठ हे त्याचं कारण सांगितलं.

बोट वाकताना कंडरा हाडापासून सुटून धनुष्याच्या दोरीसारखी ताठ होऊ नये, म्हणून हाडाला चिकटलेली चिवट कडी तिला जागोजागी धरून ठेवतात. यांना पुली म्हणतात. त्यातली पहिली पुली बोटाच्या मुळाशी, तळहाताच्या वरच्या रेषेजवळ असते. तिच्यातून कंडरा दिवसाकाठी हजारो वेळा पुढेमागे सरकते. पुली जाड झाली किंवा कंडरेला फुगवटा आला, की नाडीला गाठ पडल्यावर ती नेफ्यातून सरकत नाही तसंच होतं. जोर लावला की गाठ पलीकडे जाते, पण परत येताना पुन्हा अटकते. दुखणं मधल्या सांध्यात असल्यासारखं वाटतं, मात्र तळहाताच्या त्या रेषेवर दाबलं की खरी जागा सापडते.

सर्वसाधारण माणसाला आयुष्यात हा त्रास होण्याची शक्यता दोन-तीन टक्के असते. मधुमेह असलेल्यांत ती दहा टक्क्यांपर्यंत जाते. रक्तातली जास्तीची साखर कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांना चिकटते, धागे एकमेकांत अडकून ताठर होतात आणि कंडरेची आवरणं जाड होतात. याची एक खूण सहज पाहता येते. जुना मधुमेह असलेल्या काही जणांना नमस्कारासाठी हात जोडल्यावर बोटं पूर्ण टेकवता येत नाहीत, मधे फट राहते.

काही आठवडे बोटाला पट्टीचा आधार आणि पकडीच्या कामाला विश्रांती, हा पहिला उपाय. त्याने भागलं नाही, तर पुलीपाशी स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. निम्म्याहून अधिक रुग्णांना त्याने आराम पडतो. मधुमेहींत हे प्रमाण कमी असतं आणि इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, म्हणून ती मोजत राहावी लागते. एवढं करूनही बोट अडकत राहिलं, तर पहिली पुली कापून मोकळी करतात. फक्त तळहात बधिर करून, पंधरा-वीस मिनिटांत हे काम होतं. पुली कापल्यावर सर्जन टेबलावरच सांगतात, “आता मूठ मिटा, उघडा.” बोट न अडकता सरकलं, की टाके घालतात. पुढच्या पुली कंडरेला धरून ठेवायला पुरेशा असतात, म्हणून ही एक गेल्याने बोटाचं काही अडत नाही.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूलाही असाच एक बोगदा आहे. तिथला त्रास स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्वें यांनी १८९५ मध्ये वर्णन केला. बाळाला काखेत धरून वारंवार उचलणाऱ्या नव्या आयांना तो हमखास गाठतो. बाळाला उचलताना अंगठा ताणून न धरता, तळवे वर करून पंज्यावर घेतलं, तर त्या कंडरांवरचा ताण कमी होतो.

मनगटातली अडचण, बोटातली कळ

कधी दुखणं बोटात असतं आणि अडचण मनगटात. तळहाताच्या मुळाशी तीन बाजूंनी हाडं आणि वरून एक जाड पट्टा, अशा बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मुख्य नस जाते. गरोदरपण, थायरॉइडची कमतरता, मधुमेह किंवा आमवात यांमुळे तिथे थोडी सूज आली, तरी चिरडते ती नस. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांत मुंग्या येतात आणि आग होते. करंगळी सुटते, कारण तिची नस या बोगद्यातून जात नाही, ती कोपराच्या आतल्या बाजूने येते. हा कार्पल टनेलचा त्रास. झोपेत मनगट दुमडतं, बोगदा आणखी अरुंद होतो, म्हणून माणूस मध्यरात्री कळ येऊन उठतो आणि हात झटकत बसतो. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधली, तर सौम्य त्रास बराचसा आटोक्यात येतो. अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा सपाट होऊ लागला असेल, तर मात्र पट्टा कापून नस मोकळी करण्याला पर्याय उरत नाही.

नखाखाली एक दुर्मिळ गाठही होते, ग्लोमस ट्यूमर. रक्तवाहिन्यांतून तापमान सांभाळणाऱ्या पेशींची ही निरुपद्रवी गाठ काही मिलिमीटरचीच असते. पण फ्रिजमधली बाटली धरली तरी जीव कासावीस होतो, आणि टाचणीच्या मागच्या बोंडाने नखावर दाबून पाहिलं, तर एका नेमक्या बिंदूवरच प्रचंड कळ येते. एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ असतो, म्हणून असे रुग्ण वर्षानुवर्षं ‘मनाचं दुखणं’ असं ऐकत फिरतात. गाठ काढली की दुखणं संपतं.

चेंडू, कबड्डी आणि मुरगळणं

गल्लीत लेदर बॉल झेलताना तो सरळ बोटाच्या टोकावर बसतो. थोड्या वेळाने दिसतं, की शेवटचं पेर खाली लवलंय आणि स्वतःहून वर होत नाही. ते उचलणारी मागची कंडरा तुटलेली असते. दुखणं फार नसतं, म्हणून बहुतेक जण खेळत राहतात. उपाय शस्त्रक्रियेविना होतो, पण चिकाटीचा आहे. ते पेर सहा ते आठ आठवडे पट्टीत सरळ ठेवायचं, दिवसरात्र. पट्टी धुवायला काढतानाही बोट टेबलावर टेकवून सरळच ठेवायचं. एकदा जरी ते वाकलं, तरी आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

उलट प्रकार कबड्डीत होऊ शकतो. निसटणाऱ्या गड्याचा टी-शर्ट मुठीत धरला, त्याने हिसका दिला आणि बोटातून कळ गेली. नंतर शेवटचं पेर वाकतच नाही. बहुधा ही अनामिका असते. इथे वाकवणारी कंडरा हाडापासून सुटून तळहाताकडे आक्रसत जाते. आठवडा-दहा दिवसांत ती शिवावी लागते. महिन्याने आलेल्या रुग्णाला पूर्वीचं बोट परत मिळेलच असं नाही. म्हणून बोटाला मार लागल्यावर एक चाचणी प्रत्येकाने करावी: मधलं पेर दुसऱ्या हाताने धरून फक्त शेवटचं पेर वाकवून आणि सरळ करून पाहायचं. दोन्ही जमलं, बोट वाकडं दिसत नसलं आणि हाडावर दाबून फार दुखत नसलं, तर ते बहुधा साधं मुरगळणं आहे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, हात उंच, लागल्यास पॅरासिटामॉल आणि शेजारच्या बोटाचा चिकटपट्टीने आधार एवढं पुरतं. ओढणं, चोळणं, ‘बसवून घेणं’ हे टाळावं.

सांधे आणि रक्तवाहिन्या

चाळिशी-पन्नाशीनंतर नखाजवळच्या सांध्याच्या दोन बाजूंना टणक खडे उठतात, तेही कधी कधी अचानक लाल होऊन दुखतात. ही सांध्याची झीज आहे. इंग्लंडचे डॉक्टर विल्यम हेबरडेन यांचं नाव या खड्यांना आहे. आमवात नखाजवळचा सांधा सहसा सोडतो आणि बोटांच्या मुळाचे व मधले सांधे धरतो. दोन्ही हातांची तीच बोटं सुजतात आणि सकाळचा ताठरपणा तासभर जात नाही. असं सहा आठवडे चाललं, तर संधिवाततज्ज्ञांना गाठावं. आमवाताची औषधं लवकर सुरू झाली तर सांधे वाचतात. रात्रीत एखादा सांधा लालबुंद होऊन चादरही सोसत नसेल, तर युरिक ॲसिडचा गाऊट असू शकतो. पण सांध्यातला जंतुसंसर्गही असाच दिसतो, म्हणून ते घरी ठरवू नये. तापानंतर दोन्ही हातांची बोटं आखडली, तर चिकुनगुनियाचा विचार करावा. महाराष्ट्राला हा आजार नवा नाही. १९७३ मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ आली होती आणि २००६ मध्ये तो राज्यभर पसरला.

भाजी चिरताना किंवा पिशवी उचलताना बोटात अचानक आग होते आणि पाहता पाहता बोट तळव्याच्या बाजूने निळं पडतं. मध्यमवयीन बायकांना याची फार भीती वाटते. १९५० च्या दशकात आखेनबाख या जर्मन डॉक्टरांनी वर्णन केलेला हा प्रकार म्हणजे एक बारीक शीर फुटणं. बोट उबदार असतं, टोकाची लाली कायम असते आणि काही दिवसांत निळेपणा आपोआप जातो. उपचार लागत नाही.

पण बोट पांढरंफटक, थंडगार झालं आणि दुखत असेल, तर गोष्ट वेगळी. थंडीत पांढरं, मग निळं, मग लाल होणारी बोटं फ्रेंच डॉक्टर मोरिस रेनो यांनी १८६२ मध्ये नोंदवली. ऊब मिळाल्यावर ती पूर्ववत होतात. ऊब देऊनही रंग परतला नाही, तर रक्तवाहिनी बंद झालेली असू शकते. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांत बर्गरचा आजार बोटांच्या रक्तवाहिन्या बुजवत जातो. त्यात तंबाखू पूर्ण सुटली नाही, तर कुठलंही औषध बोट वाचवण्याची खात्री देत नाही.

जागेचा नियम विंचवाच्या दंशाला मात्र लागू नाही. लाकडं किंवा पेंढा उचलताना बोटाला लाल विंचू डसला, तर बोटातली असह्य कळ हा धोक्याचा छोटा भाग असतो. खरा धोका हृदयाला असतो. घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय ही त्याची लक्षणं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने असे रुग्ण वाचवून दाखवले आणि कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू झपाट्याने घटले. दंशानंतर मंत्रतंत्रात वेळ न घालवता दवाखाना गाठणं, हाच यावरचा घरगुती उपाय.

किती थांबायचं?

कुठल्याही दुखापतीनंतर पहिलं काम अंगठी काढण्याचं, सूज चढायच्या आधी. अडकली, तर हात उंच धरून, साबण लावून पाहावं. नाहीतर दोऱ्याचं टोक अंगठीखालून मनगटाकडे काढायचं, उरलेला दोरा अंगठीपासून बोटाच्या टोकाकडे घट्ट गुंडाळत सांध्यापलीकडे न्यायचा आणि मग मनगटाकडचं टोक टोकाच्या दिशेने ओढत दोरा उलगडायचा. अंगठी त्याच्यासोबत पुढे सरकते. बोट निळं किंवा बधिर होत असेल, तर सोन्याचा मोह सोडून ती कापून घ्यावी.

काही दुखणी त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला रुग्णालयात न्यावी लागतात. संपूर्ण बोट गोळा होऊन सुजलंय, अर्धवट वाकलेलं आहे, तळव्याच्या बाजूने कंडरेच्या वाटेवर दाबलं तर दुखतं आणि कुणी ते हळूच सरळ करायला गेलं तर किंकाळी निघते, या चार खुणा शिकागोचे शल्यचिकित्सक ॲलन कॅनव्हेल यांच्या नावाने ओळखल्या जातात. कंडरेच्या बंद नळीत पू झालाय, असा त्यांचा अर्थ. दुसरं उदाहरण गॅरेज आणि कारखान्यांतलं. ग्रीस गन किंवा रंगाच्या स्प्रेचा झोत बोटावर बसतो, बाहेर फक्त टाचणीएवढं छिद्र दिसतं, फारसं दुखतही नाही. आत मात्र ग्रीस किंवा रंग दाबाने कंडरेच्या वाटेने तळहातापर्यंत गेलेला असतो. असा कामगार मलमपट्टी करून पाळी पूर्ण करतो आणि संध्याकाळी बोट गमावण्याच्या वाटेवर असतो. पांढरं-थंड बोट, सांधा किंवा हाड उघडं पडलेली जखम आणि प्राण्याचा किंवा माणसाचा चावा, हेही याच यादीत.

बोटं ज्यांचं पोट चालवतात, तेच बोटाचं दुखणं सर्वांत जास्त अंगावर काढतात: शिलाई कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, मेकॅनिक, भाजी विकणारे. एका दिवसाचा रोज बुडतो, म्हणून ते थांबतात. पण पू पहिल्या दिवशी काढला तर काही दिवसांत बोट कामाला लागतं. तोच कंडरेच्या नळीत उतरला, तर शस्त्रक्रिया, मग महिनोन् महिने व्यायाम आणि त्यानंतरही कायमची ताठ राहिलेली बोटं. ठणक्याने रात्रीची झोप उडाली असेल, तर दुसऱ्या दिवशीचा रोज बुडवलेला परवडतो.